राहीमावशीला आलेला निरोप

माझ्या बापाचं, लडकूशेटचं, शहापूरला यष्टी स्टँडसमोर चहाचं हॉटेल होतं. हॉटेल म्हणजे काय, कुडाच्या भिंती, वर कौलं, दोन बाकडी आणि सदा धुमसणारी चूल. शेट म्हणायचे ते आपलं लोकांच्या तोंडाला वळण म्हणून. बाजारच्या दिवशी डोळखांबच्या अंगाने मोळ्या घेऊन उतरणारी माणसं तिथे टेकायची. त्यांत राहीमावशी. ती बाकड्यावर कधी म्हणजे कधी बसली नाही. बाप म्हणायचा, "अगो राही, बाकडं काय चावतं का?" तर म्हणायची, "चावत नाय. पन वर बसलं का उठवनारा कोनीतरी येतोच. खाली बसलेल्याला कोन उठवतो?" असं तिचं बोलणं. आईशप्पथ, मला ते फार आवडायचं. आमच्या घरातल्या बायका दहा वाक्यांत जे सांगायच्या, ते ही एका वाक्यात तोडून टाकायची.

तिची ठाकरवाडी डोळखांबच्याही वर, डोंगरात. पोरगा एकच, गोमा. तो माझ्या वर्गात, शाळेच्या बोर्डिंगात राहायचा. त्या डोंगरातून अकरावीपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकपर्यंत, पोहोचलेला पहिलाच. पोरगं एवढं शिकतंय म्हणून मावशीला कोणी शाबासकी दिली की ती चिडायची. तिने पोराला शाळेत घातलं ते शहाणा व्हावा म्हणून नव्हतंच मुळी. ते तिनेच मला एकदा सांगितलं, चहा फुंकत.

गोमा अंगावर पीत होता तेव्हा तिचा नवरा कल्याणकडे विटभट्टीवर गेला होता. भातं झोडून झाली की वाडीतले निम्मे लोक असे बाहेर पडायचे. एक दिवस एक माणूस वाडीत आला आणि घरात न शिरता अंगणाच्या कडेला उभा राहिला. पाणी विचारलं तर नको म्हणाला. नुसतं म्हणाला, "राही, निरोप हाय. चला." तेवढ्यावर सगळं समजायचं. त्यांच्या वाडीत मेलं असं कोणी तोंडाने बोलत नाही. माणूस अंगणाबाहेर उभा राहिला, पाणी नको म्हणाला आणि 'निरोप हाय' म्हणाला की झालं. मग कसा, कुठे, कधी, काही विचारायचं नाही. निरोपाला प्रश्न विचारला तर तो घरात घुसतो म्हणतात. निरोप पुरता ऐकून घ्यायचा, उठायचं आणि चालू लागायचं.

मावशी चालत गेली. भट्टीवर पोचली तर चिता जळून राख गार झालेली.

"निरोप पायानं चालतो गो रखमे," मला म्हणाली. "वाटंत बसतो, तमाखू मळतो, पावन्याच्या घरी जेवतो. चिठ्ठीचं तसं नाय. चिठ्ठी थांबत नाय. कोन लिवनारा असता, कोन वाचनारा असता, तर मी येळंवर गेले असते. तोंड तरी बघितलं असतं त्याचं. म्हनून ह्याला शाळंत टाकला. माझ्या घरात परत निरोप नको, चिठ्ठी येऊ दे."

आता एवढं कळल्यावर पुढे जे घडलं ते किती भयंकर होतं, हे तुमच्याही लक्षात येईल.

गोमा सुरुवातीला बोर्डिंगातून पळून जायचा. वर्गातली पोरं त्याच्या 'आमी'ला आणि 'नाय'ला हसायची. मेल्यांना लाज कशी वाटायची नाही, त्यांच्या घरी काय वेगळं बोलायचे? गोमा पळाला की मावशी त्याला मानगुटीला धरून परत आणून सोडायची. शेवटी तो टिकला. आणि तो टिकला म्हणून वाडीतली आणखी चार पोरं खाली आली. त्यांतला बुधू तर एवढासा, चड्डीचं बटण लावता यायचं नाही. गोमाच त्यांची आई आणि गोमाच बाप. सकाळी त्यांना नदीवर नेऊन घासायचा, रात्री पाढे म्हणून घ्यायचा. कोणी वाडीची आठवण काढून मुसमुसायला लागला तर स्वतः पळून गेल्याच्या गोष्टी सांगून हसवायचा. वाडीतले आईबाप म्हणायचे, "गोमा हाय ना, मंग ऱ्हाऊ दे." सगळी भिस्त त्याच्यावर.

एकोणीसशे एकोणसाठच्या मार्च महिन्यात आमचा निरोप समारंभ ठरला. आमच्या शाळेची रीत जगाच्या उलटी. इतर शाळांत धाकटी पोरं थोरल्यांना निरोप देतात, आमच्याकडे थोरल्यांनी धाकट्यांचा निरोप घ्यायचा. अकरावीनेच पोहे करायचे, खालच्या वर्गांना पंगतीत वाढायचे आणि प्रत्येकाने उभं राहून त्यांना चार शब्द सांगायचे. ते झाले की धाकट्यांनी थोरल्यांना टिळा लावून हार घालायचे. हेडमास्तरांची कल्पना. चांगली होती, नाही म्हणत नाही. पण वर्गात मुली दोनच, त्यामुळे पोहे आमच्याच गळ्यात पडले. मुलगे खडूने फळ्यावर वेलबुट्टी काढत बसले आणि आम्ही कांदे चिरत बसलो. समारंभ म्हटला की बाई मागच्या दारी, हे काही आजचं नाही.

आमचे वर्गशिक्षक मोघे मास्तर. पुण्याकडचे, नवीन आलेले. माणूस देवासारखा, पण चेहरा मूळचाच सुतकी. लग्नाचे पेढे वाटत आले तरी समोरच्याने विचारावं, काय झालं हो? समारंभाच्या आदल्या दिवशी त्यांच्या मनात आलं की गोमाच्या आईलाही बोलवावं. एवढा मोठा दिवस मुलाचा. हेतू किती चांगला! ते हॉटेलात आले तेव्हा तिथे लखमा बसला होता. लखमा म्हणजे राहीमावशीचा भाऊ. मोळी विकून परत निघायच्या बेतात होता. पुढचं संभाषण माझ्या बापाने ऐकलं, आणि आयुष्यभर लोकांना ऐकवलं.

"लखमा, राहीबाईंना सांग," मास्तर म्हणाले, "उद्या दुपारी गोमाचा निरोप आहे."

लखमाचा हात बशीवर थांबला. "गोमाचा?"

"हो, आपल्या गोमाचा. वाडीतले येतील तेवढे या."

"उद्या?"

"उद्या. तुम्ही आल्याशिवाय आम्ही सुरुवात करणार नाही." आणि मग मास्तरांनी एक सुस्कारा सोडला. "फार गुणी मुलगा रे. असा मुलगा पुन्हा मिळायचा नाही."

लखमा चहा तसाच टाकून उठला. माझ्या बापाला वाटलं, उशीर झाला असेल. डोंगराची वाट, अंधार पडायच्या आत पोचायला हवं. त्याने काही विचारलं नाही. लखमानेही मास्तरांना कसं, कुठे, काही विचारलं नाही. निरोपाला प्रश्न विचारायचा नसतो ना!

वाडीत जाऊन तो बहिणीच्या अंगणाच्या कडेला उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी शाळेच्या पडवीत सतरंज्या पसरलेल्या, पुढे सरस्वतीची तसबीर, उदबत्त्या, आणि एका ओळीत खुर्च्यांवर आमचा वर्ग. मी पोह्यांपाशी. मास्तर वाट बघून थकले, 'त्या बहुतेक येत नाहीत' म्हणाले आणि सुरुवात झाली. भाषणं झाली. एकेक जण उठून 'या ज्ञानमंदिरातून बाहेर पडताना' असं सुरू करायचा आणि मध्येच विसरून खाली बसायचा. गोमाला शेवटचा नंबर दिला होता. हार मात्र हेडमास्तरांनी घाईने आधीच घालून घेतले, झेंडू कोमेजतोय म्हणून. गोमाच्या अंगात कोणाचा तरी मागून आणलेला पांढरास्वच्छ सदरा, कपाळाला मोठा टिळा, गळ्यात जाडजूड हार. त्याच्या पायाला मिठी मारून बुधू भोकाड पसरलेला, बाकीचे तिघे गुडघ्यांत मान घालून रडत होते. आणि गोमा? आपल्याला रडू फुटू नये म्हणून डोळे गच्च मिटून ताठ बसलेला.

तेवढ्यात फाटकातून वाडीची माणसं आत आली. पुरुष पुढे. दोघांच्या खांद्यावर दोन लांब हिरवे बांबू, एकाच्या हातात सुंभाची गुंडाळी. पोराला खांद्यावरून घरी न्यायची तयारी करून आले होते हो! हेडमास्तर लगबगीने पुढे गेले. "अरे वा वा, मांडवाला बांबू आणलेत! पण आमचं सगळं झालं की."

लखमा न थांबता त्यांच्या बाजूने पुढे गेला.

मागून बायका आल्या, केस सुटलेले. राहीमावशी सगळ्यांत मागे होती. ती पडवीच्या पायरीशी आली आणि तिला समोर पोरगा दिसला. पांढऱ्या कपड्यांत, हार घातलेला, डोळे मिटलेला, पुढ्यात उदबत्त्या, आणि सभोवती रडणारी पोरं.

तिने हंबरडा फोडला. मी तो आवाज अजून विसरले नाही, आणि विसरायचा म्हटला तरी विसरणार नाही. माझ्या हातातला झारा पोह्यांत पडला. बायकांनी ऊर बडवायला सुरुवात केली. गोमाने डोळे उघडले, ताडकन उठून उभा राहिला आणि ओरडला, "आये!"

त्यावर बायका पहिल्याहून मोठ्याने किंचाळल्या. मेलेला उठला की काय करायचं, हे कोणालाच माहीत नव्हतं. वाडीतला एक बाप्या बांबू टाकून फाटकाबाहेर पळाला. खोटं नाही सांगत, त्या प्रसंगात आमच्या वर्गातली दोन टोणगी खदखदून हसली.

राहीमावशी पळाली नाही. ती गोमाकडे चालत गेली, त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं, गालांवरून, मानेवरून, छातीवरून हात फिरवला. दंडाला चिमटा काढला. तो "आई गं" म्हणाला तेव्हा तिने त्याच्या मुस्काटात अशी एक लावली की हाराची फुलं उडाली. मग त्याला पोटाशी धरून खाली बसली.

हळूहळू उलगडा झाला. मोघे मास्तर पांढरेफटक पडले. तिच्यापुढे हात जोडून उभे राहिले, डोळ्यांतून धारा. "बाई, माझं चुकलं. निरोप म्हणजे... मुलं शाळा सोडून जातात ना, तेव्हा..."

"जाताना मानूस येतो म्हनतो," मावशी म्हणाली. "निरोप कशाला म्हनंल?"

तिने गोमाच्या गळ्यातला हार काढला आणि बाजूला ठेवला. मग उठली. "चल. घरी चल."

"घरी?" हेडमास्तर म्हणाले. "अहो बाई, बारा दिवसांवर परीक्षा आहे!"

"असंल. ज्याचा असा निरोप निगाला त्याला गावाबाहेर ठेवत नाय आमी. वरीसभर तरी नाय. हा आता डोंगर उतरनार नाय." आणि वाडीतल्या माणसांकडे वळून म्हणाली, "तुमची बी पोरं उचला. जित्या मानसाला हार घालतात ती जागा चांगली नाय."

एकाने बुधूला काखेत मारलंच. हेडमास्तर संतापले. अडाणीपणा, अंधश्रद्धा, पोराच्या आयुष्याचं वाटोळं, सगळं बोलून झालं. मला त्या माणसाचा इतका राग आला! ती बाई पहाटेपासून मेलेल्या पोराकडे चालत आली होती. तिला एक पेलाभर पाणी द्यायचं कोणाला सुचलं नाही आणि हे तिला शहाणपण शिकवत होते. मी पाणी नेऊन दिलं. ती घटाघटा प्यायली. पण हेडमास्तर एका बाबतीत खोटं बोलत नव्हते. त्या दिवशी गोमा डोंगर चढला असता तर मॅट्रिक संपलंच होतं, आणि त्याच्यामागून त्या चौघांचंही. आम्हाला सगळ्यांना ते दिसत होतं, आणि कोणाचं काही चालत नव्हतं.

गोमाने आईशी वाद घातला नाही. एवढंच म्हणाला, "आये, निरोप ऐकायला येवढ्या लांबून आलीस. न ऐकता कशी जाशील?"

मावशी थबकली. आलेला निरोप पुरता ऐकल्याशिवाय उठत नाहीत, ही पण रीतच. ती सतरंजीच्या कडेला जमिनीवर बसली. तिच्यामागे वाडीही बसली. बुधू काखेतून सुटून पुढे सरकला.

गोमाच्या खिशात मास्तरांनी तपासून दिलेलं भाषण होतं, 'ज्ञानमंदिर' आणि 'ऋणाईत' असले शब्द घातलेलं. त्याने ते काढलंच नाही. आमच्याकडे पाठ केली आणि धाकट्यांसमोर उकिडवा बसला.

"बुधू, ऐक. तुमी पन ऐका रे. मी पयल्यांदा हितं आलो तवा सगळी मला हसली. मी पळालो. आये मला परत घेऊन आली. परत पळालो, परत आली. मी म्हनलं, तू मला का टाकतीस हितं? तवा तिनं बापाचं सांगितलं. त्या दिसापासून मी नाय पळालो. आता मी परीक्षेला कल्यानला जानार. बाप गेला त्याच बाजूला. मला भ्या वाटतं. आयेला तर लईच वाटतं. पन मी नाय गेलो तर तुमाला कोन म्हनंल, जाऊन परत येता येतं म्हनून? वाडीतला कोन आजून परीक्षेला जाऊन परत आला नाय. म्हनून मी जातो, आनि येतो. तवर बुधू, तू पळायचं नाय. रडायचं तर रड, पन हितंच रड."

बुधूने नाक पुसत मान हलवली.

मोघे मास्तरांनी तोंड भिंतीकडे केलं होतं. मी रडत होते आणि मला त्याची बिलकूल लाज वाटत नव्हती.

लखमा हळूच म्हणाला, "राही, काय करायचं?" ती उठली, लुगडं झाडलं आणि हेडमास्तरांना म्हणाली, "मी याच्या संगट जानार. याला येकटा सोडनार नाय."

"परीक्षेला? अहो, तिथे आत नाही सोडत कोणाला."

"भाईर बसंन."

आणि बसली. कल्याणला ज्या शाळेत आमचं केंद्र होतं, तिच्यासमोर रस्त्यापलीकडे एक झाड होतं. त्याच्याखाली, फडक्यात नाचणीच्या भाकऱ्या बांधून, पहिल्या पेपरपासून शेवटच्या पेपरपर्यंत. तिथल्या शिपायाने एकदा हटकलं, "ए बाय, ऊठ, इथे बसायचं नाही." ती म्हणाली, "माझा पोर आत हाय." तो म्हणाला, "सगळ्यांचीच आहेत." ती म्हणाली, "मंग तू बी बस." बिचारा हसून निघून गेला. घंटा झाली आणि मुलं बाहेर पडायला लागली की ती उभी राहायची. गोमा दिसला की पेपर कसा गेला वगैरे तिचं काही नाही. त्याच्या दंडाला हात लावून बघायची, मग भाकरी सोडायची. मलाही अर्धी द्यायची. माझा बीजगणिताचा पेपर वाईट गेला त्या दिवशी मी ती भाकरी रडत रडत खाल्ली. ती म्हणाली, "रडतीस काय गो, आलीस ना भाईर?"

निकाल लागला. मी काठावर पास झाले. गोमा नापास, इंग्रजीत आणि गणितात.

बातमी डोंगरात गेली आणि वाडीतले म्हणाले, संपलं. गोमाच नापास तर आपली पोरं काय दिवे लावणार? जून उजाडला, शाळा सुरू झाली, बोर्डिंगात वाडीची चारही अंथरुणं रिकामी. मोघे मास्तर स्वतः डोंगर चढून गेले. लोकांनी त्यांना बसायला घोंगडी दिली, पाणी दिलं, पोरं दिली नाहीत. परत येऊन ते आमच्या हॉटेलात बसले, तेव्हा त्यांचा सुतकी चेहरा पहिल्यांदाच खरोखरच्या दुःखाने सुतकी दिसत होता. "माझ्या एका शब्दाने घात केला," एवढंच म्हणत होते. माझा बाप म्हणाला, "मास्तर, च्या घ्या," आणि दुसरं काय म्हणणार?

त्यानंतरच्या आठवड्यात मी माझा दाखला आणायला शाळेत गेले होते. हेडमास्तरांच्या खोलीत उभी होते, आणि दारात राहीमावशी. डोक्यावर पावसाचं पानांचं इरलं, गुडघ्यापर्यंत चिखल. मागे गोमा, ऑक्टोबरची परीक्षा पुन्हा द्यायची म्हणून आलेला. त्याच्यामागे बुधू आणि ते तिघे. आणि मावशीच्या लुगड्याला धरून एक चिमुरडी, लखमाची पोर, बाळी. त्या वाडीतून मुलगी कधी खाली आली नव्हती.

हेडमास्तर खुर्चीतून अर्धे उठले. "बाई, ही सगळी... वाडीतले तयार कसे झाले?"

"मी गेले घरोघरी. सांगितलं सगळ्यांना," राहीमावशी म्हणाली. इरलं काढून तिने भिंतीला टेकवलं आणि बाळीला पुढे ढकललं. "मी तितं बसून सोताच्या डोळ्यांनी बघितलंय. पास होवा, नापास होवा, परीक्षेत कोन मरत नाय. सगळी परत येतात. लिवा यांची नावं."